बुधवारचं गोल कार्ड

१

बुधवार म्हणजे आमच्या घरात गरगर फिरायचा वार.

साडेअकराच्या सुमाराला रघूभाऊ पोस्टमन रोह्याच्या आमच्या गल्लीत शिरायचे, सायकल ओट्याला टेकवायचे आणि पेणहून आलेलं आईचं कार्ड माझ्या हातात देताना दर वेळी तेच म्हणायचे, "घ्या वयनी, तुमची चकली आली." मीही दर वेळी हसायचे. एवढ्या उन्हातान्हातनं येणाऱ्या माणसाचा विनोद शिळा असला तरी गोड मानून घ्यावा.

आईला सरळ लिहिता यायचंच नाही. पोस्टकार्डाच्या बरोब्बर मधोमध ती पहिलं अक्षर काढायची आणि तिथून एकच ओळ गोल गोल फिरवत बाहेर न्यायची, थेट कड येईपर्यंत. कड आली की थांबायची, मग वाक्य अर्धं राहो नाहीतर शब्द अर्धा राहो. पुढच्या आठवड्याचं कार्ड तिथनं पुढे सुरू. नमस्कार नाही, आशीर्वाद नाही, तारीख नाही. एकदा 'निलेशरावांना सांग की त्यांनी त्या शेजारणीला' इथं कड आली. आठ दिवस मी नवऱ्याकडे संशयानं बघत होते. त्यानं विचारलं, काय झालंय, तर मी म्हटलं, बुधवारी सांगते. बुधवारी कार्ड आलं, 'आपली शिडी परत मागावी.'

या गोल लिहिण्याला कारण होतं. माझी आई, चंद्रावती, पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. मूर्ती फिरत्या पाटावर ठेवतात, हात एका जागी धरतात आणि पाट फिरवतात. पंचवीस वर्षं तिनं तेच केलं. लिहायला शिकली पंचेचाळिसाव्या वर्षी, साक्षरतेच्या वर्गात, माझं लग्न होऊन मी रोह्याला आल्यावर, निव्वळ मला पत्र लिहायचं म्हणून. तेव्हाही हात एका जागी आणि खाली कार्ड फिरतं. वर्गातल्या बाईंनी कपाळाला हात लावला. आई त्यांना म्हणाली, "बाई, मला सरळ रेघ येत नाय. माझ्या देवाचा एक अवयव तरी सरळ हाय का?" पत्तासुद्धा गोल लिहायची, तेव्हा पोस्टानं दोन कार्डं परत धाडली. मग निलेशनं आमच्या पत्त्याचा रबरी शिक्का करून दिला तिला.

पत्रात बातम्या कमी आणि रंग जास्त. 'विमलबाईनं पोपटी लुगडं घेतलंय, डोळ्यात जातं.' 'खाडीवर आज आभाळ वांग्याच्या सालीसारखं होतं.' 'भावकीतल्या लग्नात नवरीचा शालू डाळिंबी आणि नवऱ्याचं तोंड पिवळं.' मी कार्ड हातात फिरवत वाचायचे. माझी सहा वर्षांची लेक अपेक्षा, आमची अपू, तसं करायची नाही. ती कार्ड जमिनीवर ठेवायची आणि स्वतः त्याच्याभोवती फिरायची, एकेक अक्षर लावत. शेवटी घेरी येऊन धपकन खाली बसायची आणि म्हणायची, "आज आजीनं लय फिरवलं."

२

ज्येष्ठ लागला की कारखान्यात मान वर करायला सवड नसायची. आखणी सगळ्यात शेवटचं काम, त्यामुळे सगळ्या मूर्ती शेवटी आईच्याच पाटावर. म्हणून ती वैशाखात दोन दिवस सुट्टी टाकून पुढच्या बारा आठवड्यांची बारा कार्डं आधीच लिहून ठेवायची, शिक्के मारायची, सुतळीनं बांधायची आणि विमलबाईच्या ताब्यात द्यायची. विमलबाई तिच्या शेजारी बसून मूर्तींचे दागिने रंगवायची. पोस्टाची पेटी तिच्या वाटेवर. दर सोमवारी एक कार्ड टाकायचं, एवढंच काम.

आता दोन महिने आधी लिहिलेल्या पत्रात बातमी काय असणार? पण आई बिनधास्त लिहायची. 'या आठवड्यात तुझ्या मोरीत गांडूळ निघालेत. मीठ टाक.' आणि खरंच निघालेले असायचे. मी भेटल्यावर विचारलं, "आये, तुला कसं कळलं?" तर म्हणाली, "पावसात मोरीतनं काय वाघ निघतो काय गो?"

बाराव्या कार्डात ठरलेलं एक वाक्य असायचं, 'गौरीला येते.' मूर्ती घरोघर गेल्या की तिचे हात मोकळे. आमच्या गौरीचा मातीचा मुखवटा ती पेणला नेऊन रंगवून आणायची. डोळे मात्र कारखान्यात काढायची नाही. गौर घरात आली की इथं बसून काढायची. गौरीनं डोळे उघडावेत ते लेकीच्या घरात, अशी तिची आपली हौस.

सत्त्याण्णव सालच्या आषाढात आई गेली. कारखान्यातच, बसल्या जागी, हातात ब्रश. विमलबाई सांगत होती, मूर्तीचा उजवा डोळा झाला होता, डावा व्हायचा होता.

शेजारच्या मालूकाकीकडे फोन आला तेव्हा मी तशीच निघाले. नागोठण्याच्या अलीकडे गाडी थांबली. अंबा नदीला पूर आला होता, रस्ता पाण्याखाली. सगळे प्रवासी परत फिरले. मी पाण्याच्या कडेला उभी राहिले, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. पुढे जायला बघितलं तर चपलेचा पट्टा तुटला आणि एका माणसानं दंडाला धरून मागे ओढलं. तिसऱ्या दिवशी पेणला पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. भावकीनं तरी थांबायचं किती? त्यांचं काही चुकलं नाही.

पण मी आईचं तोंड बघितलं नाही. ते माझ्या मनातनं जाईना. ज्याचं तोंड बघितलं नाही ते माणूस गेलं, हे डोक्याला कळतं, डोळ्यांना काही केल्या कळत नाही. एकदा तिचं तोंड बघायला मिळू दे, एकदाच, असं मी देवापुढं म्हणायचे, तुळशीपुढं म्हणायचे, कुकरची शिट्टी होईपर्यंत गॅसपुढं उभी राहून म्हणायचे. याच्यापेक्षा जास्त मला काही नको होतं.

३

मी रोह्याला परतले त्याच्या पुढच्या बुधवारी रघूभाऊ आले. सायकल ओट्याला टेकवली, पण चकली म्हणाले नाहीत. कार्ड दिलं आणि टोपी सारखी करत निघून गेले.

मी आधी रडले. मग हिशेब आठवला आणि हसायला आलं. बारातली चार आली होती, अजून आठ यायची होती. म्हणजे आई मेल्यावरसुद्धा आठ आठवडे बोलणार. मी निलेशला म्हटलं, "बघ, माझ्या आयेला गप्प करणं यमाला पण जमलं नाय." तो म्हणाला, "यम कानात बोळे घालून बसला असेल." आई असताना हे बोलला असता तर मार खाल्ला असता.

अपूनं कार्ड जमिनीवर ठेवलं आणि फिरायला लागली. दोन पावलं टाकली आणि थांबली.

"आई, आज मधे सुरवात नाय."

"असेल गं, नीट बघ."

"नाय. आज बाहेरनं आत जायचंय."

मी वाकून बघितलं. पोरगी बरोबर सांगत होती. पहिलं अक्षर कार्डाच्या कडेला होतं आणि तिथनं ओळ फिरत फिरत आत जात होती. 'पाऊस लय वाजतो कौलावर. मी बरी हाय. गुडघे दुखायचे थांबले. अपू जेवते का.' शेवटचं अक्षर बरोब्बर मधोमध. आईनं आयुष्यात पहिल्यांदा वाक्य पुरं केलं होतं.

म्हटलं, असेल. वैशाखात बसल्या बसल्या काहीतरी नवीन सुचलं असेल. स्वभावच तसा. एका वर्षी तिनं गणपतीच्या उंदराला लाल गंध लावलं होतं आणि विचारलं तर म्हणाली, त्याला पण सण असतो.

४

पुढच्या बुधवारी, 'आज लय चालले. गुडघे बिलकूल नाय दुखत. आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.'

त्याच्या पुढच्या बुधवारी, 'वडखळ आलं. सुक्या बोंबलाचा वास मारतो. ट्रक अंगावरनं गेल्यासारखे जातात. आता कोणाला वाट विचारायची लाज वाटत नाय, कोण उत्तर देत नाय.'

निलेश म्हणाला, "आईंनी प्रवासवर्णन लिहायला घेतलेलं दिसतंय." मीही हसले. आई गौरीशिवाय कधी पेण सोडायची नाही, मनातल्या मनात रोह्याला चालत निघाली असेल आणि कार्डं भरली असतील. अगदी तिच्यासारखं होतं ते. मी ती कार्डं मालूकाकीलाही वाचून दाखवली. ती पोट धरून हसली आणि मग पदर डोळ्याला लावला.

चौथं कार्ड आलं तेव्हा मी तांदूळ निवडत होते. एका हातानं फिरवत वाचायला घेतलं.

'नागोठण्याला पाणी उतरलंय. आवाज बारीक झालाय. तू हितंच उभी होतीस ना गो. लय वेळ. चप्पल तुटली तुझी. तुला येता आलं नाय म्हणून मीच निघाले.'

ताट मांडीवर होतं ते तसंच राहिलं. मी पुन्हा वाचलं. कार्ड वैशाखात लिहिलेलं आणि पूर आषाढातला. चपलेचं तर मी निलेशला पण सांगितलं नव्हतं. आई तिथं मरून पडलेली आणि मी चपलेचं काय सांगू?

दुपारपाळीला जायच्या आधी निलेशनं ते कार्ड दोनदा वाचलं. या वेळी त्यानं विनोद केला नाही. "कारखान्यातलं कोणीतरी लिहितंय," तो म्हणाला. "तुला बरं वाटावं म्हणून. त्या गाडीत पेणचं कोणी असेल, त्यानं बघितलं असेल तुला. विमलबाई असेल."

"विमलबाईला सही करता येत नाय. अंगठा लावते."

"मग दुसरं कोणी."

दुसऱ्या दिवशी मी रघूभाऊंना अडवलं आणि पोस्टाचा शिक्का दाखवायला सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कार्ड उजेडात धरलं, तिरकं केलं. "शिक्का उठलेला नाय वयनी. चारी कार्डांवर नाय. पत्ता बरोबर हाय, गठ्ठ्यात मिळतं, म्हणून मी आणतो." मग म्हणाले, "माझी काय चूक झाली का?" त्यांची काय चूक असणार?

५

श्रावणातल्या सोमवारी मी पेणला गेले. तसाही आईनं गेल्या गौरीनंतर रंगवायला नेलेला मुखवटा आणायचा होता.

विमलबाई मला बघून गळ्यात पडली, मग चहा टाकला, मग चहा उतू घालवला. मी म्हटलं, "मावशी, कार्डं वेळेवर टाकता त्याबद्दल आधी तुमच्या पाया पडते." तिचा चेहरा उतरला. ती आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतनं सुतळीनं बांधलेला गठ्ठा घेऊन आली.

"माझ्यावर रागवू नको गो. चंद्रा गेली त्या दिवसापासनं मी एक पण टाकलं नाय. मेलेल्या माणसाचं पत्र लेकीला कसं टाकायचं? त्या माणसाचा जीव पत्रामागं वाट धरतो म्हणतात. तुझ्या घरात लहान पोर हाय. मी म्हटलं, ठेवून द्यावं, गौरी झाल्या की तुझ्या हातात द्यावं."

गठ्ठ्यात आठ कार्डं होती. पत्त्याचा शिक्काही त्याच पेटीत होता, पॅड सुकून खडखडीत झालेलं.

मी तिथंच ओट्यावर बसून आठही कार्डं वाचली. सगळी मधोमध सुरू होऊन कडेला तुटणारी. 'श्रावणात अपूला हिरव्या बांगड्या भर, निळ्या नको, काळी दिसते.' 'निलेशरावांचा तो शेवाळी शर्ट आता पायपुसणं कर.' 'तुझ्या दारातली जास्वंद या आठवड्यात रक्तासारखी लाल फुललीय, मला माहीत हाय.' मी हसत होते आणि नाक पुसत होते, आणि विमलबाई न वाचता माझ्याबरोबर हसत होती. शेवटच्या कार्डावर होतं, 'गौरीला येते तेव्हा मला'. तिथं कड आली होती.

मग मी पिशवीतनं माझ्याकडची कार्डं काढली आणि शेजारी मांडली. अक्षर तेच. 'ग'ला जास्तीची शेपटी तीच. तरी काहीतरी खटकत होतं. बराच वेळ बघितल्यावर कळलं. माझ्याकडे आलेल्या कार्डांत एक पण रंग नव्हता. वास होते, आवाज होते. पाऊस वाजत होता, बोंबील वास मारत होते. पण लाल नाही, पिवळं नाही, काळं नाही. आईच्या पत्रात.

विमलबाईनं मुखवटा वर्तमानपत्रात गुंडाळून आणला. पांढरा, गुळगुळीत, गालावर गुलाबी हात फिरवलेला, ओठ रंगवलेले. डोळ्यांच्या जागी नुसती कोरी जागा.

"डोळे चंद्राच काढायची, म्हणून कोणी हात लावला नाय," ती म्हणाली. "तू काढ. लहानपणी बसायचीस ना तिच्या शेजारी? मूर्ती डोळ्यांशिवाय कारखान्याबाहेर जाऊ द्यायची नाय ती. म्हणायची, बिनडोळ्याची बाहेर पडली तर नुसती चालत राहील. तुझा मुखवटा न्यायची तो पण तोंड झाकूनच." असं म्हणून विमलबाईनं मुखवट्यावर फडकं बांधलं आणि मला तसाच न्यायला दिला.

मी कार्डांचं काही बोलले नाही. म्हातारी घाबरली असती. आणि खरं सांगायचं तर मी स्वतः तेवढी घाबरले नव्हते, हीच गोष्ट मला जास्त घाबरवत होती.

६

'अष्टमी आली. कोणीतरी भजी तळतंय, तेल जुनं हाय. नदीचा आवाज येतो. पूल लागला की तुझं घर.'

अष्टमी म्हणजे आमच्या नदीपलीकडचं गाव. हे कार्ड आलं त्या दिवशी मी घर झाडून काढलं. निलेश बघत राहिला. "अनिता, काय चाललंय?" मी म्हटलं, "गौरी आल्यात." तो म्हणाला, "अजून तीन आठवडे हायेत." मग त्यानं माझ्या हातातनं कार्ड घेतलं, वाचलं, आणि जाऊन माळ्यावरची जळमटं काढायला लागला. असा नवरा सगळ्यांना मिळो.

पुढचं कार्ड, 'तुझ्या दाराच्या पडद्याला कड्या लावल्यास. वाऱ्यानं वाजतात. आज आमटीला फोडणी दिलीस तेव्हा जिरं करपलं. हिंगाचा हात पण आखडता झालाय. सासरी राहून बिघडलीस.'

पडदा मी शनिवारी लावला होता. जिरं सोमवारी करपलं होतं. हातपाय गार पडायला हवे होते, आणि पडलेही. पण त्याच वेळी मला असा राग आला की काय सांगू. मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "मग तूच घाल फोडणी येऊन." आणि म्हटल्यावर जीभ चावली. बाहेर पडद्याच्या कड्या वाजल्या. वारा होता, मी बघितलं, झाडांची पानंही हलत होती.

त्या दिवसापासनं मी हिंग मोकळ्या हातानं टाकायला लागले. अपू विचारायची, "आई, तू दाराकडे तोंड करून का बसतेस?" मी सांगायचे, उजेड चांगला येतो. रात्री मी अपूला मधे घेऊन झोपायचे. आई माझ्या लेकीचं वाईट करील असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. पण जे येतंय ती आईच असेल कशावरनं, हे यायचं. आणि आईच असेल तर तिचं तोंड बघायला मिळेल, हेही त्याच्याच मागोमाग यायचं. एका घडीला दाराला कडी घालायचे, दुसऱ्या घडीला काढायचे.

गौरीच्या आधीच्या बुधवारी रघूभाऊंनी आणलेल्या कार्डावर ओळ फार लांब नव्हती. कडेनं एक फेरा, मग थेट आत. 'दारात हाय. गौर आत गेली की मागनं येते. दार लोटू नको. मला काय दिसत नाय.'

७

गौरी आणायला आम्ही गल्लीतल्या सहा बायका कुंडलिका नदीवर जातो. तेरड्याच्या डहाळ्या सुपात घ्यायच्या, हळदकुंकू वाहायचं, आणि गौर घरात जागेवर बसेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर ती वाटेतनंच परत जाते, असं म्हणतात. दरवर्षी माझ्या मागनं आई चालायची आणि गुडघ्यांना शिव्या घालायची, तेव्हा वळून बघायची गरजच नसायची.

चार वाजले होते. ऊन स्वच्छ होतं. मालूकाकी पुढे, मी सगळ्यात शेवटी. हे मुद्दाम केलं का? केलं. घाटाच्या पायऱ्या चढून रस्त्याला लागल्यावर मागनं चपलांचा आवाज यायला लागला. रस्त्याला माणसं असतात, चपला वाजणारच. पण मी थांबले की थांबायचा. आणि आईचा उजवा पाय कायम ओढल्यासारखा वाजायचा, हे पाय सारखे वाजत होते. एका चालीत, दमदार. बाई तरणी असावी अशी. म्हटलं, मग ती नाही. मग आठवलं, गुडघे दुखायचे थांबलेत.

कारखान्यातला वास यायला लागला, ओल्या मातीचा आणि रंगाचा. माझी मान दुखायला लागली, इतकी मी ती ताठ धरली होती. मालूकाकी पुढनं ओरडली, "मागं बघू नको गो अनिता." तिलाही काही दिसत नव्हतं, ती नेहमीच ओरडते.

दारात अपूनं पिठाची पावलं काढून ठेवली होती. आतनं तिनं पाठ केलेलं विचारलं, "गौर कशाच्या पावलानं आली?" आम्ही सगळ्या म्हणालो, "हळदीकुंकवाच्या पावलानं." बायका सहा होत्या. मला सात आवाज आले. गल्ली अरुंद आहे, आवाज घुमतो. मी सूप घेऊन आत गेले आणि दार उघडं ठेवलं.

हळदकुंकू झालं, बायका आपापल्या घरी गेल्या. मालूकाकी अपूला तिची गौर दाखवायला घेऊन गेली. निलेश दुपारपाळीला. घरात मी एकटी, पाटावर डहाळ्यांना नेसवलेली साडी, आणि वर तो कोरा मुखवटा.

८

मी दाराकडे पाठ करून बसले. बसायची जागाच तशी आहे.

आईचा बारीक ब्रश विमलबाईनं दिला होता. वाटीत काळा रंग कालवला. आधी उजवा डोळा. वरची कमान, खालची कमान, मधे बुबुळ. जमला. मागे पडद्याच्या कड्या सरकल्या, एकेक करत, कोणी हातानं चाचपून बाजूला करावं तशा. मी डावा डोळा घेतला. मागे जमिनीवर पाय टेकत होते, सावकाश, आधी जागा बघून मग भार टाकत. अपूच्या पिठाच्या पावलांवरनं येत असावेत. मी बुबुळ भरलं आणि त्यात पांढरा ठिपका ठेवला. डावा किंचित वर गेला होता. आई असती तर बोलली असती.

आता पाय थांबले होते. अगदी माझ्या पाठीशी. श्वासाचा आवाज मात्र येत नव्हता, आणि मी तो ऐकायला कान टवकारले होते.

गौरीचे डोळे उघडले की आधी तिला आरसा दाखवायचा असतो, म्हणजे तिची पहिली नजर तिच्यावरच पडते. निलेशचा दाढीचा आरसा मी तयार ठेवला होता. तो उचलताना आधी माझ्याच बाजूला वळला.

माझा कान दिसला, खांदा दिसला. खांद्यामागे दारातलं ऊन. उन्हात आईचं नेहमीचं हिरवं लुगडं, खोचलेल्या पदराला रंगाचे डाग. तिचे हात पुढे केलेले, बोटं अंदाज घेणारी. वर तिची हनुवटी, हनुवटीवरचं गोंदण, तिचं बसकं नाक, ओठ हसायच्या बेतात असलेले. सगळं तिचं. आणि त्याच्या वर, भुवयांच्या खाली, काही नाही. जखम नाही, खड्डा नाही. गुळगुळीत कातडी. काढायचेच राहून गेले होते.

भीती वाटली, खोटं कशाला सांगू. आरसा हातातनं निसटला आणि मांडीवर पालथा पडला. दार डावीकडे चार पावलांवर होतं, मालूकाकीच्या घरातनं अपूचं हसणं ऐकू येत होतं, उठून पळता आलं असतं.

पण आठ आठवडे ती काही न दिसता चालत आली होती. पेण, वडखळ, नागोठणं, अष्टमी, पूल. ट्रक अंगावरनं जात होते आणि वाट सांगायला कोणी नव्हतं. मला तिचं तोंड बघायचं होतं, आणि एवढं सगळं चालून आल्यावर तिला माझं बघता येत नव्हतं.

वाटीत काळा रंग होता, दोन डोळ्यांपुरता. मी ब्रश बुडवला, कडेला निथळला.

"आये," मी म्हटलं, "हलू नको हां. माझा हात काय तुझ्यासारखा नाय."

आणि मी वळले.